गायन मंडळावर आलेले बदली सर तालमीत खेळच घेतात. स्पर्धा तोंडावर असताना मुख्याध्यापिकांकडे तक्रार करावी का?

तक्रार करू नये, निदान इतक्यात तरी करू नये, असे माझे मत आहे. मात्र त्या सरांच्या तालमीला एकदा जाऊन बसावे आणि तेथे काय पाहायचे हे आधी मनाशी ठरवून बसावे. आपण लिहिले आहे की ठाण्यातील एका शाळेत नववीत शिकणारी आपली मुलगी गायन मंडळात आहे, मंडळाच्या बाई प्रसूती रजेवर गेल्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर एक तरुण सर बदलीवर आले आहेत, ते तालमीचा निम्मा वेळ खेळांत आणि सिनेमाच्या गाण्यांत घालवतात, मुले त्यांच्यावर बेहद्द खूश आहेत, जानेवारीत वाशीला समूहगानाची स्पर्धा आहे आणि मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’ या संगीताच्या परीक्षेलाही बसणार आहे. प्रसूती रजा कायद्याने साधारणपणे २६ आठवड्यांची असते, म्हणजे हे शालेय वर्ष त्या सरांच्याच हाती जाणार. तेव्हा वाद उभा करण्याआधी ते नेमके काय करीत आहेत हे समजून घेणे मुलीच्याच हिताचे आहे.

मी ठाण्यातच एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवत होते. निवृत्तीच्या काही वर्षे आधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मला दीर्घ रजा घ्यावी लागली आणि माझ्या जागी असाच एक तरुण आला. तो एकांकिकांना पार्श्वसंगीत देत असे, तबला बरा वाजवत असे आणि मुले दुसऱ्याच दिवसापासून त्याला ‘दादा’ म्हणू लागली होती. (शाळेत शिक्षकाला दादा म्हणू नये, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.) मी परतले तेव्हा हाती आलेले मंडळ आणि मी सोडून गेलेले मंडळ यांत बराच फरक पडला होता. त्यातले मी काय ठेवले आणि काय मोडून काढले, हे सांगितल्यास आपल्याला तालमीकडे कसे पाहायचे याचा अंदाज येईल.

त्याचा एक खेळ मला इतका आवडला की निवृत्त होईपर्यंत मी तो घेत राहिले. ठाणे–वाशी रेल्वेमार्गावर तेव्हा आठ स्थानके होती: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी. ठाण्याला मध्य षड्ज (सा), वाशीला तार षड्ज (वरचा सा) आणि मधल्या सहा स्थानकांना क्रमाने रिषभापासून निषादापर्यंतचे (रे ते नी) स्वर. जाताना आरोह, येताना अवरोह. मुले गोल करून उभी राहत, प्रत्येकाला एक स्थानक मिळे आणि ते नाव आपल्या स्वरावर, एकाच मात्रेत म्हणायचे असे. ठाणे ज्याच्या वाट्याला येई त्याचे काम सोपे होते, परंतु कोपरखैरणे ज्याला मिळे त्याला पंचम ढळू न देता तेवढ्याच मात्रेत सहा अक्षरे बसवावी लागत आणि ती बसली नाहीत तर तुर्भ्याचा मुलगा खोळंबे. त्यानंतर तो जलद गाडी सोडी, म्हणजे ठाण्याहून निघालेला स्वर रबाळे आणि कोपरखैरणे एवढेच थांबे घेऊन थेट वाशीला पोहोचे. मधल्या स्थानकांची मुले तोंड मिटून आपापला स्वर मनात म्हणत आणि परतीच्या धीम्या गाडीत त्यांना तो अचूक लावावा लागे. या मार्गावर जलद गाडी धावतच नाही, हे मुलांनी त्याला सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. आता जानेवारी २०२४ पासून ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये दिघा गाव हे नववे स्थानक सुरू झाले आहे. आपल्या सरांनी हा खेळ घेतलाच, तर दिघ्याला कोमल रिषभ, म्हणजे सा आणि रे यांच्या मधला स्वर, द्यावा. जागा नेमकी तीच आहे.

वरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल, पण त्यात अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने स्वर म्हणण्याचे पलटे, आहेत, लयकारी आहे आणि न गाता स्वर मनात धरून ठेवण्याची सवय आहे, जी समूहगानात सर्वांत उशिरा येते. हेच अलंकार मी फळ्यावर लिहून घेत असे तेव्हा पहिली रांग म्हणत असे आणि शेवटची रांग ओठ हलवत असे. म्हणून आपण तालमीला बसाल तेव्हा मुले हसत आहेत की नाही हे पाहू नका, तर त्या अर्ध्या तासात प्रत्येक मुलाच्या गळ्यातून प्रत्यक्ष किती सूर बाहेर पडतो आहे हे पाहा. ज्या खेळात एक मूल गाते आणि बाकीची टाळ्या वाजवतात तो करमणुकीचा कार्यक्रम झाला. ज्या खेळात सगळी गातात आणि एकमेकांचे ऐकल्याखेरीज कोणालाही पुढे जाता येत नाही, ती तालीमच आहे.

मुले ओठ फडफडवत रिक्षा सुरू केल्यासारखा आवाज काढत असतील किंवा सरबताच्या नळीतून गुणगुणत असतील, तर त्याचीही काळजी करू नये. तोंड अर्धवट बंद ठेवून आवाज काढला की आतल्या हवेचा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते एकमेकांवर कमी जोराने आपटतात. आवाजाच्या तक्रारींवर उपचार करणारे तज्ज्ञही हा व्यायाम देतात. गाण्याआधी पाच मिनिटे हे केलेले गळ्याला चांगले.

आता मुलग्यांविषयी. आपण त्यांचा उल्लेख केलेला नाही, पण मिश्र मंडळ असेल तर बदली शिक्षकाची खरी परीक्षा येथेच होते. बारा ते पंधरा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. बहुतेक शाळांत गाण्याची पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा मानायचे ते, मुलींच्या सोयीने काळी चार किंवा काळी पाच अशी धरली जाते. त्या पट्टीत आवाज फुटलेल्या मुलाला मुलींबरोबर वर जाता येत नाही आणि एक सप्तक खाली गेल्यास षड्जच इतका खोल जातो की तो ऐकू येत नाही. असा मुलगा पुटपुटतो, मग त्याला मागे उभे करतात आणि आठवीच्या अखेरीस तो मंडळ सोडून कबड्डीला जातो. माझ्याकडे नववीत पोहोचेपर्यंत मंडळ जवळपास मुलींचेच उरत असे आणि ते तसेच असायचे अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

त्या तरुणाने पट्टी काळी एकवर आणली आणि मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतच फिरणारे गाणे निवडले, त्यामुळे मुली आपल्या जागी गाऊ लागल्या आणि फुटलेल्या आवाजाची मुले बरोबर एक सप्तक खालून. ज्यांना तेवढेही जमेना त्यांना त्याने ध्रुवपदाखाली नुसता षड्ज–पंचम धरायला लावला. त्याला तो ‘तंबोऱ्याची नोकरी’ म्हणे आणि ती मिळावी म्हणून मुलांत चढाओढ लागे. कबड्डीला गेलेल्यांपैकी काही जण परत आले. ही गंमत कानाला जितकी गोड तितकीच शास्त्राला धरून होती आणि मी ती एका शब्दानेही बदलली नाही.

मोडून काढले ते वेगळे. टाळ्या, चुटक्या आणि मांड्यांवरच्या थापा यांच्या नादात समूहाची लय चढते. केरवा तालात सुरू झालेले गाणे दुसऱ्या अंतऱ्याला धावू लागलेले मी परतल्यावर ऐकले आणि ते खाली आणायला मला बराच वेळ लागला. शब्दांचे उच्चार सैल झाले होते, ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार एकच झाले होते आणि भजनातल्या मींडी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याच्या जागा, तुटून त्यांच्या जागी ठोकळे आले होते. हे खेळाने होत नाही, खेळानंतर गाणे घासले गेले नाही की होते.

सिनेमाच्या गाण्यांबद्दल माझा आक्षेप गाण्यांना नाही, ध्वनिमुद्रित साथीला आहे. मोबाइलवरचा तयार ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, तो मोठ्या स्पीकरवर लावला की मुले त्या आवाजावर मात करण्यासाठी ओरडतात आणि नववीतल्या गळ्याला ते सोसत नाही. सर तेच गाणे पेटीवर, मुलांच्या पट्टीत घेत असतील तर खुशाल घेऊ द्यावे. त्याने प्रवेशिकेची तयारी बिघडत नाही. ज्या गांधर्व मंडळाच्या परीक्षेला मुलगी बसते आहे त्याचे कार्यालय वाशीतच आहे, अभ्यासक्रम छापील मिळतो, आणि ती तयारी तिच्या क्लासच्या गुरूंनी करून घ्यायची असते, शाळेच्या मंडळाने नव्हे. तिचा आवाज तालमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसलेला असतो का, एवढे मात्र पाहावे. तसे वारंवार होत असेल तर सरांना सांगावे आणि घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

सुरुवातीच्या दिवसांत इतकी मजा कशाला, असे आपण विचारले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्रौढांचे नवे गायनवर्ग आणि हस्तकला व लेखनाचे नवे वर्ग यांची सात महिने तुलना केली होती. गाणाऱ्यांची मने पहिल्या महिन्यातच जुळली, बाकीच्यांची हळूहळू, आणि सात महिन्यांच्या अखेरीस सगळे वर्ग सारखेच जवळ आलेले होते. अभ्यास प्रौढांचा असला तरी मला त्यातून उमगते ते असे की एकत्र गाण्याने संकोच लवकर जातो, पण तो गेल्यावर त्याच आनंदात आणखी महिनोन्‌महिने घालवून विशेष काही हाती लागत नाही. अनोळखी शिक्षकाने पहिले दोन-तीन आठवडे मुलांना मोकळे करण्यात घालवले तर तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. डिसेंबरच्या मध्यावरही तेच चालू असेल तर म्हणेन.

त्यासाठी घरी एक साधी चाचणी घ्यावी. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप लावून मुलीला षड्ज ऐकवावा, मग ते बंद करून तिला स्पर्धेचे गाणे साथीशिवाय पूर्ण म्हणायला सांगावे आणि शेवटी पुन्हा तानपुरा लावावा. ती त्याच षड्जावर येऊन थांबली, अंतऱ्याचे शब्द अडखळले नाहीत आणि शेवटची ओळ पहिल्या ओळीपेक्षा घाईत गेली नाही, तर सर काम करीत आहेत. सूर थोडासा उतरला तर घाबरू नये, साथीशिवाय गाताना चांगल्या मंडळांचाही उतरतो. अर्ध्या स्वराहून अधिक सरकला तर मात्र पाया कच्चा आहे.

आणखी एक गोष्ट मुलीकडूनच सहज विचारून घ्यावी: रजेवरच्या बाईंविषयी सर वर्गात काय बोलतात? लोकप्रिय बदली शिक्षकाला आधीच्या शिक्षकाची चेष्टा करण्याचा मोह फार होतो, मुलांनाही ती आवडते, आणि मग मूळ शिक्षिका परतल्यावर मंडळात दोन तट पडून पुढचे सत्र त्यातच जाते. सगळ्या खेळांपेक्षा हे मला अधिक घातक वाटते आणि याबद्दल मुख्याध्यापिकांकडे गेलात तर ते योग्यच होईल. माझ्या जागी आलेल्या मुलाने हे कधी केले नाही. जाताना त्याने एक वही ठेवली होती, त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे आवाज खाली कुठपर्यंत आणि वर कुठपर्यंत जातो, कोण कोणाशेजारी उभे राहिल्यास बेसूर होते आणि कोणाला तंबोऱ्याची नोकरी द्यावी, हे लिहिलेले होते. आपल्या सरांनाही अशी वही ठेवायला सुचवता आले तर पाहा.

तालमीला जायचे ते शाळेची परवानगी घेऊन आणि शक्यतो आणखी एका पालकाला बरोबर घेऊन जावे, म्हणजे सरांना आपल्यावर पाळत ठेवली आहे असे वाटणार नाही. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपर्यंत गाणे, पट्टी आणि रांगा ठरलेल्या असाव्यात. ठरल्या नसतील तर प्रथम सरांनाच भेटून पट्टी कोणती धरली आहे, साथीला कोण आहे आणि माइक लावून एक तालीम होणार आहे का, हे विचारावे. माइकची तालीम बहुतेक शाळा विसरतात आणि मग रंगमंचावर माइकसमोरच्या दोन मुलीच तेवढ्या ऐकू येतात. या प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तरे असतील तर खेळ चालू द्यावेत, नसतील तर आठवडाभराची मुदत द्यावी आणि त्यानंतर मुख्याध्यापिकांना भेटावे.