यूस्ड टू: 'करायचो' की 'सवय आहे'?

समजा, 'पूर्वी क्रिकेट खेळायचो' हे इंग्रजीत सांगताना तुमचं वाक्य 'आय ॲम यूस्ड टू प्ले क्रिकेट' असं झालं, तर घोळ त्या 'ॲम'मध्ये आहे. पूर्वी खेळायचो, आता खेळत नाही, असं म्हणायचं असेल तर 'ॲम' काढून टाका: 'आय यूस्ड टू प्ले क्रिकेट.' पुढे क्रियापदाचं मूळ रूप.

'ॲम', 'इज', 'वॉज' आलं की अर्थ सवयीचा होतो. तिथे 'टू'पुढे नाम तरी हवं, नाहीतर 'इंग' लावलेलं रूप: 'आय ॲम यूस्ड टू द नॉइज', 'आय ॲम यूस्ड टू गेटिंग अप अर्ली'. मराठीत 'पहाटे उठायचो' आणि 'पहाटे उठायची सवय आहे' इतकं जवळजवळ आहे की आपली मंडळी इथे हटकून घसरतात. सवय अजून लागतेय? मग 'ॲम गेटिंग यूस्ड टू'.

नकारात 'डिडन्ट यूस टू' लिहा. भूतकाळ 'डिड'ने आधीच उचललाय, म्हणून शेवटचा 'डी' गळतो. आजच्या सवयीसाठी 'आय यूस टू गो' असलं काही नसतंच, 'आय यूज्वली गो' म्हणा.

जुन्या सवयींना 'वुड'ही चालतं, पण फक्त कृतींना. 'साताऱ्यात राहायचो' ही स्थिती झाली. तिथे 'यूस्ड टू'च.

उच्चार 'यूस्टू', एका दमात. 'यूझ्ड' म्हणजे 'वापरला जातो': 'अ नाइफ इज यूझ्ड टू कट ब्रेड'. इथे 'इज' असूनही मूळ रूप येतं, कारण सुरीला कसली सवय!