न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग वर्षभरात संपतो का?

तुमच्याकडे ऐंशी पडून आहेत आणि वर्षात सगळी संपवायची आहेत, असं तुम्ही विचारलंय. माझी गेल्या जानेवारीत 63 होती. बायको म्हणाली, "आधी आहेत किती ते तरी मोज," म्हणून मोजली. डिसेंबरअखेर 31 वाचली, 19 देऊन टाकली, 13 तशीच आहेत. मधल्या काळात सहा नवी आली, त्यांचा हिशेब घरी अजून दिलेला नाही.

वाचन झालं ते लोकलमध्ये. मी ठाण्याचा, ऑफिस फोर्टात. फास्ट सोडून ठाण्याहूनच सुटणारी सीएसएमटी स्लो धरायला लागलो. फास्टने वेळ वाचतो, पण एका हाताने कडी धरून पान उलटत नाही. स्लोला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलं तरी चालतं. 34 किलोमीटर, तासभर, वीस-बावीस पानं. परतीच्या गर्दीत वाचनाचं नाव काढू नका. गाडीत पातळ पुस्तकंच न्या. मी एकदा सातशे पानांचं बाड नेलं, तर भायखळ्याला शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठली परीक्षा?"

पण ढीग खरा कमी झाला जुलैत, आणि तो पावसाने केला. कपाटामागच्या भिंतीला ओल आली. खालच्या रांगेतल्या गुळगुळीत कागदाच्या एका पुस्तकाची पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना छपाईच उचलून आली. डांबरगोळ्या होत्या, पण त्या कसरीसाठी, ओलीला त्यांचं काय! मग सगळी पुस्तकं जेवणाच्या टेबलावर पंख्याखाली पसरली, पानांत वर्तमानपत्राचे कागद घातले. दोन दिवस आम्ही मांडी घालून खाली जेवलो. त्या निमित्ताने प्रत्येक पुस्तक हातात घ्यावं लागलं. शेअर बाजारावरची तीन, घरबसल्या जर्मन शिकवणारं एक. एकातून 2011 सालचं बिल निघालं, कोरं करकरीत, म्हणजे पुस्तक उघडलंच नव्हतं. ही ज्याने घेतली तो माणूस आता मी नाही, आणि त्याच्या वतीने वाचत बसायला मला वेळ नाही.

द्यायला गेलो तर वाचनालयाने 19 मधली आठच घेतली. जागेची मारामार त्यांनाही आहे. उरलेली लिफ्टशेजारच्या बाकावर ठेवली. दोन दिवसांत दहा गेली, जर्मन मात्र आठवडाभर बसून होतं.

खरेदी बंद ठेवा असं सगळेच सांगतील. मीही ठरवलं होतं. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची सवलत लागली आणि निश्चय तिथेच संपला. शिवाय दिवाळी अंक! 1909 मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही चैन मला काही सुटत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर महिना-दीड महिना एकही पुस्तक हलत नाही. तेव्हा वर्ष साडेदहा महिन्यांचंच धरा.

माझ्या उरलेल्या 13 मधली सात जाडजूड आहेत, म्हणजे घरीच वाचायची. त्यातलं एक तीन आठवडे उशाशी आहे. पान 46.