स्वित्झर्लंडमध्ये हायकिंग: विम्याचं उत्तर लेखी घ्या

तुम्ही लिहिलंय की आईला आणि मुलांना घेऊन झरमॅटला निघालात, हिमनदीच्या आसपास एक-दोन दिवस हायकिंग करायचंय आणि एजंट म्हणतो, "विम्यात सगळं येतं." हे शेवटचं वाचून राहवलं नाही. मुंबईत आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं.

बूट, थर्मल वगैरे सांगत बसत नाही, सह्याद्रीत फिरलेले दिसता.

आम्ही केबल कारने बेटमरहोर्नला चढून अलेच हिमनदीच्या कडेने मेर्येलेन तलावाकडे निघालो होतो. वाट आखलेली, दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा. बर्फावर कुणी पाऊलही ठेवलं नाही. उतारावर बायकोचा पाय सटकून घोटा मोडला, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. तिथल्या लोकांनी फार आपुलकीने केलं सगळं. छळ सुरू झाला तो घरी आल्यावर. विमा कंपनीच्या इथल्या कार्यालयाने दावा फेटाळला. कारण काय, तर हॉस्पिटलच्या कागदावर 'ग्लेशियर' असा शब्द आहे, म्हणजे हे गिर्यारोहण, आणि ते पॉलिसीत बसत नाही! दर फेरीला समोर नवा माणूस, त्याला नवा कागद हवा. वाटेचा नकाशा दाखवला तर म्हणे ग्राह्य नाही. आमचा सगळा कार्यक्रम बघून हप्ता घेतला होता यांनी, म्हणून आजही संताप होतो.

शेवटी सांताक्रूझला विमा लोकपालाकडे गेलो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तिने नाकारलं किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही की इथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. तिथे उपयोगी पडले ते पिवळ्या दिशादर्शक पाटीचे आणि रंगाच्या पट्ट्यांचे फोटो, केबल कारची तिकिटं. तेव्हा फोटो काढाच.

आईंसाठी माझं मत: गोर्नरग्राटच्या रेल्वेने रोटेनबोडेनला उतरा, रिफेलझे तलाव बघून रिफेलबर्गपर्यंत उतरत या. मॅटरहोर्न शिखर समोरच असतं. पण रोटेनबोडेन २८०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६. पोचल्या दिवशीच वर जाऊ नका. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, आईंसोबत दीडपट धरा. परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

झरमॅटच्या भागात हवाई बचावासाठी १४४ हा नंबर लागतो, तो सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. रेगा या स्विस हवाई बचाव संस्थेला वार्षिक वर्गणी देता येते, मग रेगाने केलेल्या बचावाचा खर्च ते माफ करू शकतात. पण हा विमा नव्हे, त्यावर विसंबू नका.

मी विमा क्षेत्रातला नाही आणि पॉलिसीगणिक अटी बदलतात. तरी पैसे भरण्याआधी एजंटला नव्हे, थेट कंपनीला ईमेल करा: "३१०० मीटर उंचीपर्यंत, आखलेल्या वाटेवर, दोर किंवा क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे खिळे) न वापरता चालताना अपघात झाला, तर हेलिकॉप्टर आणि उपचार या दोन्हींचा खर्च मिळेल का?" स्पष्ट होकार आला नाही तर दुसरी कंपनी बघा.