न्यायालयाने सांगितलेली सेवा करायची कुठे?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा सांगणारा कायदा) लागू झाली आणि तिच्या कलम 4 मधल्या शिक्षांच्या यादीत ‘सामुदायिक सेवा’ आली. तेव्हापासून एकच गोंधळ निरनिराळ्या अक्षरांत माझ्यापर्यंत येतो आहे: तास मिळाले, जागा मिळत नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेते.

प्रश्न: मला 40 तासांची सामुदायिक सेवा सांगितली आहे, पण आदेशात संस्थेचं नाव नाही. दोन वृद्धाश्रमांत फोन केला, दोघांनीही नकार दिला. आता कुठे जाऊ?

आधी आदेशाची प्रमाणित नक्कल काढा आणि तो नेमका कसला आदेश आहे ते पाहा. दोषी ठरवून दिलेली शिक्षा वेगळी, जामिनाची अट वेगळी आणि तडजोडीनंतर गुन्हा रद्द करताना उच्च न्यायालयाने घातलेली अट वेगळी. पूर्तता कुठे दाखवायची आणि चुकलं तर काय होईल, हे त्यावर ठरतं.

कायद्यात कामांची किंवा संस्थांची यादी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम 23 मध्ये एवढंच आहे की समाजाच्या उपयोगाचं, न्यायालयाने शिक्षा म्हणून सांगितलेलं आणि मोबदला नसलेलं काम. म्हणूनच स्वतः जागा शोधून परस्पर कामाला लागू नका. ते तास न्यायालयाने धरले नाहीत तर तुमची मेहनत वाया जाईल. वकिलामार्फत त्याच न्यायालयात अर्ज द्या, आणि अर्जासोबत एखाद्या ठिकाणाचं संमतिपत्र जोडा.

सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय, सार्वजनिक ग्रंथालय, उद्यान विभाग इथून सुरुवात करा. तिथे कामावर देखरेख करणारा आणि सहीची जबाबदारी घेणारा अधिकारी सापडतो. खासगी संस्था असेल तर ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, हे बघा; विश्वस्तांत तुमचा नातेवाईक नसावा. आणि फोनवर विचारू नका. नक्कल घेऊन प्रत्यक्ष जा, गुन्हा कोणता ते स्वतःहून सांगा. वृद्ध आणि मुलं सांभाळणाऱ्यांना ते जाणून घ्यायचा हक्क आहे. मंजुरी हातात आल्यावरच पहिला तास मोजा.

प्रश्न: तासांऐवजी तेवढ्या रकमेची देणगी दिली तर चालेल का?

नाही.

प्रश्न: नोकरीमुळे वेळ नाही. घरून ऑनलाइन काही करता येईल का?

आदेशात तसं लिहिलं असेल तरच. सुट्टीच्या दिवशी काम करू देण्याची परवानगी मात्र मागता येते. वकिलांना अर्ज करायला सांगा.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की आता कुठल्याही छोट्या गुन्ह्यात तुरुंगाऐवजी ही शिक्षा मागून घेता येते. खरं आहे का?

खरं नाही, आणि असले संदेश पुढे पाठवणं कृपा करून थांबवा. त्यांच्यावर विसंबून लोक गुन्हा कबूल करून बसतात. न्याय संहितेत ही शिक्षा मोजक्या सहा ठिकाणीच आहे: लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणं (कलम 202), न्यायालयाने हजर होण्याची जाहीर उद्घोषणा काढल्यावरही हजर न राहणं (209), लोकसेवकाला कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (226), पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी (303), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन (355) आणि बदनामी (356). चोरीतही गुन्हा पहिलाच हवा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली हवी. शिवाय सेवा केली म्हणून दोषसिद्धी पुसली जात नाही. कबुली देण्याआधी वकिलांशी बोला.

प्रश्न: एक गृहस्थ भेटले. त्यांच्या ओळखीची संस्था पैसे घेऊन पूर्ण तासांचं पत्र देते, म्हणाले. सगळे असंच करतात का?

सगळे करत नाहीत, आणि तुम्हीही करू नका. न्यायालयात खोटं प्रमाणपत्र खरं म्हणून वापरणं हा न्याय संहितेच्या कलम 235 खाली खोटा पुरावा देण्याइतकाच गुन्हा आहे. त्याची शिक्षा कलम 229 मध्ये सात वर्षांपर्यंत जाते. ज्या बदनामीच्या किंवा किरकोळ चोरीच्या प्रकरणातून तुम्ही काही तासांच्या सेवेवर सुटत होता, त्याच्या कितीतरी पट मोठं प्रकरण तुम्ही पैसे मोजून विकत घेता. सही करणारा कलम 234 खाली अडकतो, आणि चौकशी सुरू झाली की तो पहिलं नाव तुमचं सांगतो. पैसे घेणारे गृहस्थ मात्र कुठल्याच कागदावर नसतात.

हे पकडलं जात नाही, असं ते सांगतील. खोटा हजेरीपट ओळखायला फार हुशारी लागत नाही. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. रोज बरोबर दहा ते दोन. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, कार्यालय बंद असतानाही हजेरी. कामाच्या रकान्यात सगळीकडे ‘समाजकार्य’. खऱ्या पटात एखादा दिवस अर्ध्या तासाने उशिरा सुरू होतो, कधी खाडा असतो, ‘वॉर्ड नंबर तीनमधल्या चादरी मोजल्या’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि सहीखाली नाव, हुद्दा, शिक्का असतो. तसा पट पहिल्या दिवसापासून ठेवा, दर आठवड्याला त्याचा फोटो काढा, आणि तास संपले की संस्थेच्या पत्रासह पुरसीस, म्हणजे न्यायालयाला माहिती देणारं छोटं लेखी निवेदन, दाखल करा. ती रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदली गेली का, तेही बघून घ्या.

मला या व्यवहाराचा सर्वांत जास्त राग येतो तो आणखी एका कारणाने. तुरुंगाबाहेरची शिक्षा आपल्याकडे फार उशिरा आली. न्यायाधीशांचा तिच्यावरचा विश्वास अशा पत्रांमुळे उडाला तर पुढच्या गरीब आरोपीला कैदच मिळेल. ज्यांना अशी ऑफर आली असेल त्यांनी आपल्या वकिलांना लगेच सांगावं.

प्रश्न: माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने सेवा सांगितली आहे. मी त्याला ओळखीच्या संस्थेत लावू का?

नको. हा बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 18 खालचा आदेश आहे. देखरेख कोणाची, हे मंडळ ठरवतं. परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) भेटा, तुमचं सुचवणं त्यांच्यासमोर ठेवा. संस्थेला मात्र बजावून सांगा की मुलाचे फोटो किंवा नाव कुठेही टाकायचं नाही. कलम 74 प्रमाणे त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

प्रश्न: मुदत संपायला पंधरा दिवस आहेत, निम्मे तास बाकी आहेत. तास कमी करून मिळतील का?

एवढे दिवस थांबलात का? सही झालेला निकाल तेच न्यायालय बदलू शकत नाही, लेखनातली चूक तेवढी दुरुस्त होते. मुदतवाढ मागता येईल, पण मुदत संपायच्या आत, कारणासह, आणि आजवरच्या तासांचा पट जोडून. आजारपण असेल तर वैद्यकीय कागद जोडा. सेवा अपुरी राहिली तर न्याय संहितेच्या कलम 8 प्रमाणे कैद होऊ शकते. उद्याच वकिलांकडे जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच मिळेल, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.