टेस्ट सर्टिफिकेटचं सॉफ्टवेअर घेण्याआधी स्पेअर खाना बघा

प्रश्न: बडोद्यात लायसन्सवर कामं घेतो, लहान कारखाने आणि सोसायट्या. टेस्ट सर्टिफिकेट आजवर एक्सेलमध्ये बनवलं. आता टेस्टरमधून थेट रीडिंग ओढून घेणारं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतो. कोणतं घेऊ?

उत्तर:

‘थेट ओढून घेणारं’ हे वाचलं आणि राहवलं नाही. याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या भागीदाराचं कित्येक वर्षं वाजतंय. त्याचं म्हणणं, हाताने आकडे लिहिले की चुका होतात, टेस्टर चुकत नाही. टेस्टर चुकत नाही हे मान्य. पण कुठलं रीडिंग कुठल्या सर्किटचं, हे टेस्टरला कोण सांगतं?

मकरपुरा जीआयडीसीतलं, म्हणजे औद्योगिक वसाहतीतलं, एक शेड घ्या. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आठ वे टीपीएन डीबी (थ्री-फेज वितरण पेटी, प्रत्येक वे मध्ये आर, वाय, बी असे तीन फेज), म्हणजे २४ खाने: आर-१, वाय-१, बी-१ असे बी-८ पर्यंत. पहिले २२ वापरात, वाय-८ आणि बी-८ स्पेअर. लूप इम्पीडन्स (फॉल्टच्या करंटला पूर्ण वाटेत होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा) घेताना आठव्या खान्यावर, वाय-३ वर, प्रोब घसरला आणि ३.८ ओहम आले. प्रोब नीट दाबून परत घेतलं, ०.६२. दोन्ही मेमरीत गेली. २२ सर्किटांची २३ रीडिंगं झाली.

सॉफ्टवेअरने फाइल घेतली ती क्रमाने, खान्याच्या नावाने नाही. त्यामुळे वाय-३ ला ३.८ बसले, त्याचे खरे ०.६२ बी-३ ला गेले आणि तिथून पुढे प्रत्येक आकडा एक घर खाली सरकला. वाय-३ वर सी-१६ एमसीबी, म्हणजे १६ अँपिअरचा सी प्रकारचा ब्रेकर; तो क्षणात ट्रिप होईलच याची खात्री दहापट करंटला, १६० अँपिअरला. २३० भागिले १६०, मर्यादा १.४४ ओहम. ओळ लाल झाली. वायरमनने अर्धा दिवस त्या सर्किटचे जंक्शन बॉक्स उघडून सांधे तपासले. काही सापडलं नाही, सापडणारच नव्हतं.

खरी भानगड पाच घरं खाली होती. आर-५ वर वेल्डिंग सॉकेट, सी-३२. त्याचं खरं रीडिंग ०.८४ ओहम. २३० भागिले ०.८४ म्हणजे फॉल्टला २७४ अँपिअर मिळणार आणि सी-३२ क्षणात ट्रिप होईलच अशी खात्री ३२० ला मिळते. मर्यादा ०.७२, म्हणजे सर्किट नापास. पण ते ०.८४ सरकून वाय-५ ला गेले. तिथे सी-१०, मर्यादा २.३, आरामात पास. आर-५ ला वरच्या बी-४ चे ०.४८ मिळाले, तेही हिरवं. चांगलं सर्किट लाल, धोक्याचं हिरवं, आणि खाली सर्टिफिकेटवर सही.

पकडलं कशामुळे? वाय-८ मुळे. स्पेअर खाना, तार नाही, भार नाही आणि लूप इम्पीडन्स ०.५५. स्पेअरला रीडिंग आलं कुठून, एवढाच प्रश्न विचारायचा होता. सॉफ्टवेअरने तो विचारला नाही.

तेव्हा निवडताना पहिली कसोटी ही: आयात करताना ते खान्याचं नाव जुळवतं की नुसता क्रम? एका खान्याची दोन रीडिंगं आली तर थांबून विचारतं का? ट्रायलमध्ये मुद्दाम एक सर्किट दोनदा मोजा आणि स्पेअर ओळीत काय येतं ते बघा. विकणाऱ्यासमोरच बघा.

दुसरी कसोटी इन्सुलेशनची, म्हणजे तारेच्या आवरणातून वीज गळते का ते मोजण्याची. टेस्टचं व्होल्टेज प्रत्येक सर्किटला वेगळं लिहिता यायला हवं. बऱ्याच ठिकाणी ते पानाच्या डोक्यावर एकदाच भरायचं असतं. पॅनेलमध्ये सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा झटका जमिनीत वळवणारा) असेल आणि तो सोडवता येत नसेल तर ५०० व्होल्टला रीडिंग खोटं खाली येतं, म्हणून ते सर्किट २५० वर घ्यावं लागतं. बाकीची ५०० वर, किमान १ मेगाओहम. एकाच पानावर दोन व्होल्टेज लिहिता आली नाहीत तर तुम्ही खोटं लिहिणार, मनात नसताना. तसंच इन्सुलेशनच्या रकान्यात ‘२०० मेगाओहमपेक्षा जास्त’ असं चिन्हासकट लिहिता आलं पाहिजे. फक्त आकडा चालतो तिथे लोक ९९९ ठोकतात, आणि २२ ओळींत ९९९ दिसलं की तपासणारा पुढचं वाचतच नाही.

मोजलेलं आणि गणिताने काढलेलं यांत फरक दिसतो का, तेही बघा. बाहेरचा लूप (डीबीपर्यंतच्या सप्लायचा) अधिक फेज आणि अर्थ वायरचा रेझिस्टन्स अशी बेरीज करून ‘मेझर्ड’ खान्यात टाकणारी सॉफ्टवेअरं असतात. बेरीज चुकीची नसते, पण ती मोजणी नव्हे.

इंग्लंडसाठी बनवलेलं तयार सॉफ्टवेअर दिसायला देखणं असतं, पण आपल्या कामाचं अर्धंच. रिंग सर्किटचे (डीबीतून निघून परत डीबीत येणाऱ्या तारेचे) तीन रकाने, जे इथे कायम रिकामे. आर-वाय-बी च्या जागी एल-१, एल-२, एल-३. मर्यादा ०.९५ ने गुणलेल्या, म्हणून सी-१६ ला १.४४ ऐवजी १.३७ (कडक आहे, तोटा नाही, पण विचारलं तर सांगता आलं पाहिजे). दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातला किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार घालायचा) त्यांच्या यादीत कुठे बसवायचा ते तुम्हीच ठरवा. आणि कॉन्ट्रॅक्टरचा लायसन्स नंबर, सुपरवायझरचा सर्टिफिकेट नंबर यांना जागाच नसते.

एक्सेल वाईट नाही. फक्त जुन्या शीटमध्ये ‘५० भागिले पॉइंटांची संख्या’ हे जुन्या आयएस ७३२ मधलं (वायरिंगचं भारतीय मानक) इन्सुलेशनचं सूत्र अजून बसलेलं असेल तर आज काढून टाका. सूत्रांचे खाने कुलूपबंद करा आणि रीडिंगच्या रकान्यात खाली ओढून भरायची सवय बंद करा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. नव्या कनेक्शनचा टेस्ट रिपोर्ट वीज कंपनीच्या नमुन्यात जातो, तिथे तुमचं सुंदर पीडीएफ कोणी विचारत नाही. सहीचं चित्र चिकटवणं म्हणजे डिजिटल सही नव्हे. वर्गणी संपल्यावर जुनी सर्टिफिकेटं उघडतात का आणि सगळा डेटा बाहेर काढता येतो का, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. अर्थ रेझिस्टन्सच्या रकान्याशेजारी तारीख आणि माती ओली की कोरडी, हे लिहायला जागा हवीच. आपल्या काळ्या मातीत मे मधला आणि ऑगस्टमधला आकडा एक नसतो. टेस्टरचा कॅलिब्रेशन नंबर आणि मुदत प्रत्येक पानावर छापली जावी. कॅलिब्रेशन मकरपुऱ्यातच एर्डा या विजेच्या चाचणी संस्थेत होतं, सबब सांगायला जागा नाही. आणि महिन्याला चाळीस-पन्नास डीबी असतील तर एक्सेल पुरणार नाही, तिथे भागीदाराचं बरोबर आहे.

तरी ब्लूटूथ असो वा नसो, डीबीच्या दाराआड आधी हाताने कागद भरा. खान्याचं नाव, रीडिंग, परत घेतलं असेल तर पहिल्यावर काट. शिडीवरून ओरडणाऱ्या वायरमनला आकडे सुटे बोलायला सांगा, ‘शून्य, सहा, दोन’. आपल्याकडे मराठी-गुजराती मिसळून ‘सात’ आणि ‘साठ’ गोदामाच्या आवाजात सारखंच ऐकू येतं. मग आयात करा आणि कागदाशी पहिली, मधली आणि शेवटची ओळ ताडून बघा. भागीदार याला दुप्पट काम म्हणतो. आठ वे डीबीला बारा मिनिटं जास्त लागतात, घड्याळ लावून मोजलंय. वाय-३ चे सांधे उघडायला अर्धा दिवस गेला होता.