पहिली मोठी बाईक, तीही जुनी

प्रिय दोस्ता,

अनेक आशीर्वाद.

तू तीन गाड्यांचे फोटो पाठवलेस: इंटरसेप्टर ६५०, ड्यूक ३९० आणि क्लासिक ३५०. कोणती घेऊ, असा प्रश्न आहे. फोटोंवरून एवढंच कळतं की तिन्ही गाड्या धुऊन उभ्या केल्यात. नवी गाडी घेताना मॉडेल ठरवलं की काम झालं. जुनीत त्याच मॉडेलच्या दहा गाड्या दहा तऱ्हेच्या निघतात. त्यामुळे मॉडेलवर थोडं बोलतो आणि तपासणीवर जास्त.

आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा परवाना एकच. शंभर सीसीला तोच, हजारला तोच. म्हणजे कुठे थांबायचं हे कायदा तुला सांगणार नाही. युरोपात नवख्यांच्या ए-टू परवान्याला ३५ किलोवॉटची, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीची, मर्यादा आहे आणि इंटरसेप्टरची ४७ अश्वशक्ती बरोबर त्यात बसते. म्हणून ६५० ऐकून घाबरायचं कारण नाही, ते इंजिन स्वभावाने गरीब आहे. अडचण आहे वजनाची. तुझी आत्ताची १२५ जेमतेम ११५-१२० किलोची आणि ही दोनशेच्या वर. पार्किंगच्या उतारावरून मागे ओढताना किंवा सिग्नलला वाळूवर पाय सरकला की ते वजन जाणवतं. नवख्याच्या गाड्या वेगात कमी आणि उभ्या-उभ्या जास्त पडतात.

ड्यूक ३९० चं उलटं आहे. वजन १७० किलोच्या आसपास, पण ताकद ४३ अश्वशक्ती, आणि ती एकदम हातात येते. शिवाय पहिल्या मालकाने ती बहुधा तशीच दामटलेली असते. माझी पसंती विचारशील तर सप्टेंबर २०२१ नंतरची क्लासिक ३५०, होंडाची सीबी ३५०, नाहीतर २०१९ नंतरची डॉमिनार ४००. डॉमिनारकडे कोणी वळून बघत नाही. म्हणूनच ती स्वस्तात मिळते, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातही सापडतात.

सीसीमध्ये ३५० ही रेघ लक्षात ठेव. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा सक्तीचा विमा) २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये, वर जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीही याच रेघेवर तुटला: ३५० पर्यंत २८ चा १८ टक्के झाला, त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के लागला. म्हणून जुन्या क्लासिकचा मालक ‘नवी अमुक लाखाला घेतली होती’ म्हणेल, तेव्हा त्याने दिलेली किंमत सोड आणि आजची ऑन-रोड किंमत समोर ठेव. फरक फारच थोडा उरत असेल तर नवीच घे.

क्लासिकमध्येही दोन पिढ्या आहेत. जुन्या यूसीई इंजिनाची (३४६ सीसी) आणि २०२१ नंतरची जे-सिरीज (३४९ सीसी). जुनीत स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा, एकाच दिशेने फिरणारा भाग) हा दुखरा भाग. बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि तो तुटतो. सेल्फ मारताना खडखड आली किंवा मोटर नुसतीच गरगर फिरली, तर डावीकडचं कव्हर उघडायचा खर्च धरून चाल. हिमालयन ४११ वर मन गेलंच, तर २०१६ ची सुरुवातीची कार्ब्युरेटरवाली टाळ, इंजेक्शनवाली बघ, आणि तिचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं, आवर्जून तपास. ड्यूकमध्ये सिलिंडर हेडच्या सांध्याशी ऑइलचा ओलावा, कूलंटची पातळी आणि रेडिएटरचा पंखा. ट्रॅफिकमध्ये उभं केल्यासारखं इंजिन चालू ठेव. तापमान चढल्यावर पंखा आपोआप लागला पाहिजे आणि तापमान खाली आलं पाहिजे.

आता तपासणी. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांग, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्या-गेल्या इंजिनाच्या कव्हरला हात लाव. गरम असेल तर त्याला थंड इंजिनाची सुरुवात तुझ्यापासून लपवायची असू शकते. चहा पी, तासाभराने बघ. थंड इंजिन एक-दोन सेल्फमध्ये लागावं. पहिल्या काही सेकंदांची टाइमिंग चेनची खरखर ऑइल वर चढल्यावर थांबली तर ठीक, थांबली नाही तर टेन्शनर (ती चेन ताणून धरणारा भाग) किंवा चेन गेली. सायलेन्सरमधून सुरुवातीची पांढरी वाफ चालेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: गाडी लागताच येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, ॲक्सिलरेटर दिल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. कूलंटवाल्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये जात असू शकतं. तिथून सरळ घरी ये.

पडलेली गाडी ओळखायला पेंटकडे बघू नकोस, पेंट दोन दिवसांत होतो. हँडलची टोकं, लिव्हरचे गोळे, फूटरेस्टच्या कडा आणि इंजिनाचं कव्हर डावं-उजवं ताडून बघ. एका बाजूचे भाग कोरे करकरीत असतील तर ते का बदलले, विचार. मग हँडल पूर्ण वळवून खाली वाक. फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) चॅसीला जिथे टेकतो तिथल्या खुंटीवर खोल ठेचा किंवा नवं वेल्डिंग असेल तर समोरून जोरात धडक बसलीय. एवढ्या खालचा रंग सहसा कोणी करत नाही. चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवून बघ. आकडे वाकडे, किंवा आजूबाजूला घासल्याचं दिसलं तर किमतीची बोलणीच नको.

कोनसेटसाठी पुढचं चाक अधांतरी कर आणि हँडल बोटाने सावकाश फिरव. सरळ रेषेत आल्यावर ‘कट’ करून अडकलं तर बेअरिंगला खाचा पडल्यात. तसंच अधांतरी ठेवून फोर्क खालून धरून पुढे-मागे हलव, खेळ जाणवता कामा नये. गाडी खाली घे, पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा दाब आणि फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरव. तेलाचं कडं उमटलं तर ऑइल सील गेले. हे दोन्ही दोष दुरुस्त होणारे आहेत. त्यांच्यासाठी गाडी सोडू नकोस, भाव उतरव.

मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चक्रावर) चेन धरून मागे ओढ. दात अर्धा उघडा पडला किंवा दाते आकड्यासारखे वाकले असतील तर अख्खा चेन-स्प्रॉकेट सेट लागेल. नुसती चेन बदलून भागत नाही, जुने दाते नवी चेन खातात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात घसरतं. तीन वर्षांची, ‘आठ हजार किलोमीटर चाललेली’ गाडी आणि टायर गेल्या वर्षीचे, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नकोस. डिस्कच्या कडेला उंबरा, झिजलेली फूटरेस्टची रबरं आणि सर्व्हिसच्या नोंदी मीटरला आपोआप तपासतात. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुना हिशेब निघतो. मालकाला सोबत घेऊन जा.

एक मल्टीमीटर घेऊन जा, चारशे रुपयांत येतो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चार हजार फेऱ्यांवर असताना साधारण १३.८ ते १४.५. तेरालाही पोचत नसेल तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर (ती वीज आवरणारा) संशयित. चावी फिरवल्यावर एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला पाहिजे आणि थोडं पुढे गेल्यावर विझला पाहिजे. मुळातच लागत नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

पुराच्या गाड्या हा आपल्याकडचा खास धोका. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली होतं. अशा गाड्या पुढे दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात. सीट काढून वायरिंगचे कनेक्टर उघड. आत हिरवट गंज किंवा बारीक गाळ, हेडलाइटच्या आत चिखलाची रेघ, ही तिची खूण. गोव्यातून येणाऱ्या गाडीची आरसी नीट वाच. भाड्याच्या गाड्यांना तिथे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, आणि अशी गाडी पुढे खासगी करून विकलेली असेल तर तिने शेकडो अनोळखी हात पाहिलेत.

चालवून बघताना चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने एकदम ॲक्सिलरेटर दे. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेटा संपल्या. मोकळ्या रस्त्यावर दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळू लाव. लिव्हर बोटांना ठोके देत असेल तर डिस्क वाकलीय. सरळ रस्त्यावर हँडलची पकड सैल केल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चॅसी किंवा चाकांची रेषा गेली. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर कंपनीचा मूळ सायलेन्सर सौद्यातच माग. पोलीस असे सायलेन्सर काढून रस्त्यावर रोलरखाली चिरडतात आणि दंड तुझ्या नावावर येईल. मूळचा नाही म्हणाला तर नव्याची किंमत वजा कर.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या. कर्जावरची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा), आणि आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळायला हवी. ‘टीटी फॉर्म (म्हणजे हेच) सही करून देतो, सवडीने नावावर करा’ याला भुलू नकोस. खरेदीनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवणं तुझ्यावर आहे, आणि विमा नावावर करायला अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) त्याच्याबरोबर जातो, तुला मिळत नाही. परराज्यातल्या पासिंगची गाडी, उदाहरणार्थ कर्नाटकची, स्वस्त दिसते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स लागतो. मागच्या टॅक्सचा परतावा मिळवायला खेटे वेगळे. त्या भावात आपलीच एमएच पासिंगची गाडी शोध.

बजेट ठरवताना किमतीच्या पंधरा टक्के बाजूला काढ. टायरचा जोड दहा-पंधरा हजार, चेन-स्प्रॉकेट चार-पाच हजार, नवा विमा. घेतल्याच्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर आणि डॉट-४ ब्रेक ऑइल बदलून टाक, विकणारा काहीही म्हणो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी ते बदलायचंच असतं, आणि जुन्या गाडीत सहसा त्याकडे कोणी बघितलेलं नसतं. पहिला महिना सकाळी सहाला मोकळ्या मैदानात जा. गाडी बंद करून ढकलण्याची आणि पायांवर तोलण्याची सवय कर. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून आठचे आकडे काढ. लोणावळा नंतर.

तोवर तुझी १२५ विकू नकोस. ऑफिसला तीच ने.

तिघींपैकी ज्या क्लासिकच्या पाटीवर तू बोट ठेवून फोटो काढलायस, तिचा पूर्ण नंबर पाठव. बघायला जाण्याआधी सरकारच्या परिवहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि ई-चलनं तपासून घेऊ.

तुझा,
काका