भाड्याची सायकल आणि शहरातला रस्ता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पुण्यात 2017 च्या अखेरीस औंध आणि विद्यापीठ परिसरात अ‍ॅपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. लोकांच्या बेजबाबदारपणामुळेच ही योजना बुडाली ना?

उत्तर : मोडतोड आणि चोऱ्या झाल्या, हे खरे, परंतु पॅरिसमध्ये 2007 साली सुरू झालेल्या व्हेलिब योजनेतही हजारो सायकली चोरीला गेल्या किंवा निकामी झाल्या, आणि तरीही ती योजना आजही चालू आहे. तिथे पालिकेने जाहिरातफलकांच्या हक्कांच्या बदल्यात एका कंपनीकडून सेवा चालवून घेतली होती, म्हणजे तोटा सोसण्याची तरतूद करारातच होती. आपल्याकडे आलेल्या कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर तग धरून होत्या. त्यांतल्या चीनच्या ओफोने 2018 मध्ये भारतातून काढता पाय घेतला. शिवाय सायकल वाटेल तिथे सोडण्याची मुभा असल्याने ती सापडणे, दुरुस्त होणे आणि गरजेच्या जागी परत येणे कठीण झाले. म्हैसूरच्या ट्रिन ट्रिन योजनेत सायकल ठरावीक तळावरच लावावी लागते, त्यामुळे हा गोंधळ टळतो. तरीही माझ्या मते मुख्य उणीव रस्त्याची होती, कारण सायकल हाताशी असली तरी ती निर्धास्तपणे चालवायला सलग मार्गच नव्हता.

प्रश्न : अशा सायकलींसाठी हेल्मेटसक्ती का करू नये?

उत्तर : हेल्मेट जरूर वापरावे, सक्तीला मात्र माझा विरोध आहे. मेलबर्नमध्ये आधीपासूनच हेल्मेटसक्ती होती. तिथे 2010 मध्ये सार्वजनिक सायकली आल्या, स्वस्त आणि पुढे मोफत हेल्मेटही देऊन पाहिली, पण वापर कमीच राहिला आणि 2019 मध्ये योजना गुंडाळली गेली. सहज मनात आले म्हणून सायकल घेणाऱ्याच्या पिशवीत हेल्मेट नसते, हे साधे कारण त्यामागे होते. हेल्मेटची मर्यादाही ध्यानात घ्यावी : युरोपीय मानकानुसार सपाट पृष्ठभागावरची चाचणी ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाच्या आघाताची असते, तर ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या मोटारीची गतिज ऊर्जा ताशी 30 किलोमीटरच्या तुलनेत पावणेतीन पटींहून अधिक असते. म्हणून स्पेनमधील सेव्हियाने 2007 च्या सुमारास सार्वजनिक सायकलींबरोबरच वाहनांपासून वेगळ्या मार्गांचे सलग जाळे उभारले, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : आमच्या भागातला सायकल ट्रॅक दुचाकींच्या पार्किंगने भरलेला असतो. मुख्य रस्त्यावरून जाताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नये. उभ्या मोटारींपासून निदान एक मीटर अंतर ठेवावे, कारण आपल्याकडे चालकाचे दार उजवीकडे, म्हणजे नेमके सायकलस्वाराच्या वाटेत उघडते. चौकात बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसणे सर्वांत घातक. वाहन डावीकडे वळू लागले की तिथला सायकलस्वार चालकाच्या नजरेआड जातो आणि मागच्या चाकांखाली सापडू शकतो. अशा वेळी मागेच थांबावे. भाड्याची सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, आणि अंधार पडल्यावर मागचा दिवा लागत नसेल तर ती सायकल तळावरच ठेवून दुसरी घ्यावी.